डोळे मिटून मारलेले चेंडू

मशीनमध्ये काहीतरी खडखडलं.

घर अगदी गप्प होतं. माझी लेक मुंगी नुकती झोपली होती आणि तिची झोप म्हणजे काचेचं भांडं, जरा धक्का लागला की गेलं. मी पाय न वाजवता न्हाणीघरात गेले, मशीन थांबवलं, ओल्या कपड्यांत हात घालून चाचपत राहिले. बाबांच्या पँटच्या खिशात एक लाकडी टी निघाली, गोल्फचा चेंडू जिच्यावर ठेवून मारतात ती बोटाएवढी खुंटी. प्रत्येक धुण्यात अशी एक तरी निघतेच. नवऱ्याच्या खिशात बसची तिकिटं, मुंगीच्या खिशात दगड आणि बाबांच्या खिशात टी. ज्याचं त्याचं जग ज्याच्या त्याच्या खिशात.

टी मी खिडकीत ठेवली. मुंगीने कूस बदलली, पण उठली नाही.

बाबा गावाबाहेरच्या ड्रायव्हिंग रेंजवर गोल्फ शिकवतात. रेंज म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड, तिच्यात भिंती घालून केलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात हिरवी मॅट आणि समोर मोकळं मैदान. मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर झेंडे, उजव्या अंगाला एक एकटं झाड. माणसं बादली भरून चेंडू घेतात आणि मैदानात मारत सुटतात. मग पिंजरा बसवलेली गाडी फिरते, चेंडू गोळा करते आणि तेच चेंडू पुन्हा बादलीत येतात. सगळ्यांचे बाबा सकाळी कचेरीत जायचे, माझे या शेडमध्ये. तिथे त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही. ते फक्त ‘सर’. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात.

मीही त्याच शेडमध्ये वाढले. स्पर्धा खेळले, बऱ्यापैकी खेळले. मुंगी झाली तसे माझे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, पलंगाखाली गेले आणि तिथेच राहिले. हल्लीच एक दिवस बाबा जेवता जेवता म्हणाले, “मालकीणबाईंना आणखी एक शिकवणारं माणूस हवंय. सकाळच्या वेळेला, मुलांसाठी आणि बायकांसाठी. परीक्षा घेणार आहेत. मी तुझं नाव दिलंय.”

“मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

खरं होतं. आणि मनात आलं, हे मिळालं तर किती बरं होईल. नाहीतर कुरियरच्या कचेरीतला काउंटर होताच. तिथे त्यांनी मला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, महिना उजाडला की हजर व्हायचं होतं. दिवसभर पाकिटांवर शिक्के. वाईट काम नाही. पण शेडमध्ये चेंडूला क्लब नीट लागल्यावर जो आवाज येतो, तो काही पाकिटातून येत नाही.

म्हणून मी सरावाला जायला लागले. मुंगी बालवाडीत असते तेवढाच वेळ हाताशी. त्यातला येण्याजाण्यात मोडला की उरायचा जेमतेम तासभर. पहिल्या दिवशी मी घाईघाईने भरलेली बादली आणली आणि एकामागून एक चेंडू हाणायला लागले. वेळ थोडा, चेंडू जास्त, असा माझा हिशेब.

बाबांनी पायाने बादली मागे सरकवली.

“बादली रिकामी करायला आलीस की हात भरायला?”

“अहो, वेळ कुठेय?”

“वेळ नाही म्हणूनच सांगतोय. शेजारी बघ.”

शेजारच्या कप्प्यात दातांचा डॉक्टर होता. तो बाबांचा जुना विद्यार्थी, दवाखान्याला जायच्या आधी रोज येतो. घाम पुसायलाही न थांबता तो धपाधप चेंडू मारत होता.

“बघितलंस? एका बैठकीत सगळी बत्तिशी काढतोय.”

“सर, ऐकू येतंय मला,” डॉक्टर म्हणाला.

“ऐकू यावं म्हणूनच बोलतोय!”

बाबांची पद्धत मला लहानपणापासून पाठ होती, पण चार वर्षांत हातांनी ती टाकून दिली होती. अर्धीच बादली घ्यायची. चेंडू मारला की मॅटवरून खाली उतरायचं. क्लब बदलायचा. मागे उभं राहून कुठला झेंडा ते ठरवायचं, ते तोंडाने बोलायचं आणि मगच मॅटवर चढायचं. प्रत्येक चेंडू जणू त्या दिवसाचा पहिला. मैदानावर खेळताना एकाच जागेवरून एकच काठी कुणी परत परत मारू देत नाही, मग इथे मारून हात शिकतो काय? फक्त दमायला शिकतो.

आणि शेवटचे काही चेंडू डोळे मिटून. म्हणजे मारताना उघडे, मारून झालं की मिटायचे. क्लब खांद्यावर, पोट झेंड्याकडे, पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि चेंडू हवेत असतानाच सांगायचं, कुठे गेला. सरळ, डावीकडे, उजवीकडे. मागून बाबा ‘बरोबर’ म्हणायचे किंवा ‘चूक’. डोळे उघडेपर्यंत तो चेंडू मैदानातल्या हजारोंत मिसळून गेलेला असायचा. त्यांचं म्हणणं, ज्याला न बघता कळतं त्याचा हात स्वतःच स्वतःला शिकवतो. मी दहा-अकरा वर्षांची असताना ते ‘चूक, चूक, चूक’ म्हणत राहायचे आणि मी रडायचे.

आता मात्र ते ‘बरोबर’ म्हणत होते. पहिल्या आठवड्यात मधूनमधून, मग जवळजवळ दर वेळी. “सरळ.” “बरोबर.” “सरळ.” “बरोबर.” मला आतून उकळ्या फुटत होत्या. वाटलं, आईपण अंगात मुरलं की हातही शहाणे होतात बहुतेक. अंधारात दुधाची बाटली चाचपून उचलणाऱ्या बाईला चेंडू कुठे गेला हे न बघता कळलं तर त्यात नवल काय!

परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली आणि बालवाडीची पाण्याची टाकी फुटली. बालवाडी बंद. नवरा त्या आठवड्यात दिवसपाळीला. मुंगीला घेऊन जाण्याखेरीज इलाज नव्हता.

मुंगीला शेड फारच आवडली. आजोबांनी उलट्या बादलीवर तिचं सिंहासन केलं, ‘इथून हललीस तर मुंगीचा मुंगळा करीन’ असा दम भरला आणि ती खरोखर हलली नाही. तिचा जीव सगळा त्या पिंजऱ्याच्या गाडीत अडकला होता.

“आई, गाडीला मार ना!”

“गाडीला मारायचं नसतं.”

“तो काका मारतोय.”

“तो गाडीला मारत नाहीये राणी, त्याचा चेंडू तसाच जातो,” बाबा म्हणाले आणि पलीकडून डॉक्टर हसला.

शेवटचे चेंडू आले. मी ड्रायव्हर घेतला, सर्वांत लांब मारायचा क्लब. मॅटच्या कडेला समांतर पाय लावले. मारला. आवाज स्वच्छ आला, कोरी चादर झटकावी तसा. डोळे मिटले.

“सरळ.”

“बरोबर,” बाबा म्हणाले.

“नाही आजोबा, चूक,” मुंगी म्हणाली. “झाडाकडे गेला.”

मी डोळे उघडले. बाबा माझ्या मागे, नेहमीच्या जागी, हाताची घडी घालून उभे होते.

“दुसरा मार,” ते म्हणाले. आवाजात काहीच फरक नव्हता.

मी मारला. मारेपर्यंत मिटायचंच ठरवलं होतं, पण ऐन वेळी डोळे मिटले नाहीत. चेंडू उंच गेला, सुंदर गेला आणि एका रेषेत सरळ झाडाकडे गेला. झाड आणि झेंडा यांच्यामध्ये एखादी शाळा बसेल.

“सरळ,” मी म्हणाले.

“बरोबर.”

“झा-डा-क-डे!” मुंगी टाळ्या वाजवत म्हणाली. तिला हा खेळ वाटत होता आणि त्यात ती जिंकत होती.

शेजारचा धपाधप आवाज थांबला. डॉक्टर आपल्या कप्प्याच्या भिंतीपलीकडून डोकावला. आधी मैदानाकडे, मग बाबांकडे. चष्मा काढून पुसायला लागला.

मी क्लब पिशवीत घातले. मुंगीला पाणी पाजलं. शेडच्या मागे बाकडं आहे, तिथे आम्ही बसलो. मुंगी समोरच्या खडीत दगड वेचायला लागली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय कधीपासून?”

“बाबा.”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “झालं वर्षभर. मोतीबिंदू नाही, तो काढता आला असता. हे मधलं जातंय. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू नाहीस, तुझ्या शेजारी बघितलं की तू आहेस. चालता येतं, जेवता येतं. चेंडू दिसत नाही.”

“आणि औषध?”

“आहे तेवढं टिकवायचं म्हणाले.”

“मग ‘बरोबर’ कशाला म्हणायचात?”

“आवाज बरोबर यायचा.”

“आवाज! बाबा, माझी परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात. इतके दिवस मी खुशाल झाडाकडे मारतेय आणि तुम्ही बरोबर, बरोबर...”

“झाडाकडे जातोय हे ऐकू येत नाही,” ते म्हणाले.

मला हसूही आलं नाही आणि रडूही. राग आला, तोही धड त्यांच्यावर येईना.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू माझ्याकडे शिकली असतीस? ‘बाबा, तुम्ही बसा, मी मारते’ म्हणाली असतीस. सांग, नसतीस म्हणाली?”

मुंगीने एक दगड आणून आजोबांच्या टोपीत टाकला. त्यांनी मान जराशी वळवून, दगडाच्या शेजारी बघत, तो चाचपला. “वा, काय हिरा आहे!” म्हणाले. तो विटेचा तुकडा होता.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. सकाळी बाबा बूट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मुंगीलाही घे.”

शेडमध्ये गेल्यावर त्यांनी मला चेंडू मारू दिला नाही. मॅटवर पाय लावून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसले. एक क्लब माझ्या पायांच्या दोन्ही अंगठ्यांना टेकवून जमिनीवर आडवा ठेवला. बाजूला होऊन त्यांनी त्या क्लबवरून हात फिरवत नेला, जशी पाटावरची कणी शोधावी तसा, टोकापर्यंत, आणि मग टोकाच्या पुढे हवेत.

“मुंगी, इकडे ये. आजोबांच्या हाताच्या मागे बस. हात कुठे दाखवतोय?”

मुंगी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघू लागली.

“झाडाला.”

“खात्रीने?”

“झाडाच्या पोटाला.”

बाबांनी मग मॅटची कड हाताने तपासली, मॅट आणि फरशीच्या रेघेतली फट चाचपली, एका टोकाला बोटभर, दुसऱ्या टोकाला चांगली वीतभर.

“हात्तिच्या!” ते म्हणाले. “मॅटच तिरपी आहे. धुऊन परत टाकताना तिरपी टाकलीये.”

आता सगळं उघड झालं. मी मॅटच्या कडेवर भरवसा ठेवून पाय लावत होते आणि मॅट झाडाकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे असताना हात गुपचूप चेंडू ओढून झेंड्याकडे आणत, मला पत्ताही न लागता. डोळे मिटायचे ठरवून मारलं की ती ओढाताण सुटायची आणि पाय जिकडे, तिकडे चेंडू. लागायचा मात्र निर्मळ. आवाज खरंच बरोबर होता. मीही खोटं बोलत नव्हते, बाबांच्या कानांनीही चूक केली नव्हती, आणि चेंडू तरी झाडाकडेच.

“तुझ्या नजरेला तरी दिसायला हवं होतं ना गं,” ते म्हणाले. “बाईसाहेबांना चांगले दोन डोळे आहेत.”

“मी कडेवर विसंबले.”

“तू कडेवर, मी तुझ्यावर.” ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. “मॅट सरळ करू नकोस. अशीच राहू दे. तिला न जुमानता उभं राहायला शीक.”

उरलेले दिवस आम्ही तिघं गेलो. मी दर चेंडूला मागे उभी राहून झेंडा बघायची, चेंडूच्या हातभर पुढची एखादी खूण त्या रेषेत शोधायची, सुटलेला धागा किंवा जळका डाग, आणि त्या खुणेवरून पाय लावायची. पहिल्यांदा सरळ उभी राहिले तेव्हा अंगाला ते साफ वाकडं वाटलं. बाबा आवाज सांगायचे, मुंगी दिशा. तिला डावं-उजवं कळत नव्हतं, म्हणून झाड, गाडी, झेंडा आणि कुत्रा अशा चार दिशा ठरल्या. कुत्रा डावीकडच्या कुंपणापाशी झोपलेला असायचा.

“सरळ.”

“आवाज जाड. चेंडूच्या मागून जमीन घासलीस.”

“कुत्रा!”

“बघ, आता कुत्र्यावर उठलीस.”

शेवटून दुसऱ्या दिवशी मुंगी तीनदा लागोपाठ ‘झेंडा’ म्हणाली आणि मग कंटाळून म्हणाली, “आई, आता झाडाला मार ना, झाडाला बऱ्याच दिवसांत नाही मारलंस.”

डॉक्टर त्या दिवसांत पलीकडच्या टोकाच्या कप्प्यात मारत होता. भेटला की नमस्कार करायचा, पण थट्टा नाही. बुधवारी त्याचा बाबांकडे शिकायचा तास असे. त्या बुधवारी तो आला नाही, दवाखान्यात गर्दी आहे असा निरोप आला. बाबांनी निरोप ऐकला, ‘असेल’ म्हणाले आणि माझ्या पायांशी क्लब ठेवायला वाकले.

परीक्षा मालकीणबाईंनी स्वतः घेतली. उंच, बारीक बाई, बोलणं मोजकं. मला भलत्याच कप्प्यात उभं केलं. तिथली मॅट सरळ होती की तिरपी, मी बघितलंसुद्धा नाही. त्या झेंडा सांगत, मी मागे उभी राहून रेष धरत होते. एक चेंडू फसला, अगदी लहान मुलाने मारल्यासारखा जमिनीवरून घरंगळत गेला. बाकीचे जायला हवे होते तिथे गेले. मग त्यांनी आपल्या भाचीला पुढे केलं, हिला शिकवून दाखव म्हणाल्या. पोरगी क्लब झाडूसारखा धरत होती. मी तिला चेंडू मारूच दिला नाही, नुसतं डोळे मिटून उभं राहायला लावलं आणि विचारलं, तुझे पाय कुठे बघतायत? ती हसली. तिच्याबरोबर मालकीणबाईही हसल्या. तेव्हाच मला कळलं की काम झालं.

“पहिल्या तारखेपासून या,” त्या म्हणाल्या. “सकाळची वेळ तुमची. आणि दुपारचीही तुम्हीच घ्याल तर बरं.”

“दुपारी बाबा असतात.”

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “सरांशी माझं कालच बोलणं झालं. माझ्याकडे एक-दोघांनी विषय काढला होता. वाईट हेतूने नाही. सरांबद्दल इथे कुणाच्या मनात वाईट येणारच नाही. पण लोक शिकायला येतात. सर स्वतःच म्हणाले, माझे तास मुलीला द्या.” मग माझ्याकडे बघून, “तुम्हाला बोलले नाहीत का?”

“बोलले असतील,” मी म्हणाले. “माझं लक्ष नसेल.”

बाहेर बाबा बाकड्यावर बसले होते, मुंगी मांडीवर. मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, “जमिनीवरून गेला तो कितवा?”

“ऐकलात?”

“अख्ख्या शेडने ऐकला. घाई केलीस.” मग हात पुढे करून त्यांनी माझा खांदा शोधला आणि थोपटला. “बाकीचे छान वाजले.”

“तुम्ही काल मालकीणबाईंशी—”

“चला, मुंगीला भूक लागलीये,” ते म्हणाले.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळी परीक्षा रंगवून सांगितली, न दिसलेले चेंडूसुद्धा. मुंगीला सांगितलं, “आता आई जाणार आणि मला सुट्टी लागली.” सुट्टी म्हटल्यावर मुंगी त्यांच्याभोवती नाचली.

पहिल्या तारखेला मी उठले तेव्हा बाबा उठलेले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, मग तसेच थोडे बसले, मग सोडल्या आणि बूट दोन्ही हातांनी जोडीने उचलून कपाटाखाली सारले. मी चहा दिला. “पाय बघ आधी,” एवढंच म्हणाले. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्याच्या जरा बाजूला उतरला आणि मग सरकत आला.

मुंगीला वाटेत बालवाडीत सोडायचं होतं. एका खांद्यावर क्लबची पिशवी, दुसऱ्यावर तिचं दप्तर, मधे ती. जिन्याच्या वळणावर तिने वर वळून बघितलं. बाबा दारात उभे होते, आमच्या जरा शेजारी बघत हात हलवत होते. मुंगीनेही हलवला. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

“आई, आजोबांची सुट्टी कधी संपणार?”